ताब्यातला पाला

(डिसेंबर १९९९. कोकणातल्या एका पऱ्यालगतच्या, म्हणजे ओढ्यालगतच्या घराची पडवी.)

योगिनी : कुजली म्हणून बदललीत? काका, कुजण्यासाठीच ठेवली होती ती पानं!

हरिश्चंद्र : तू म्हणालीस, "पऱ्यातल्या पिशव्यांवर लक्ष ठेवा." ठेवलं. पाचव्या आठवड्यात बघतो तर पानांची नुसती जाळी उरलेली. माझ्या ताब्यातला माल! तुझ्या एम.एस्सी.च्या सरांना असला पाला दाखवायचा? बाराच्या बारा पिशव्यांत ताजा भरला. धुऊन.

येसूबाई : शिडी लावून ऐनाच्या झाडावर चढले गो. माळा साफ करा म्हटलं की गुडघा धरतात.

योगिनी : काकू, पाण्यात पडलेलं पान किती दिवसांत कुजतं, हाच तर माझा प्रबंध. आधी बुरशी धरते, मग किडे कुरतडतात, त्या किड्यांवर मासे जगतात.

येसूबाई : म्हंजे जेवत्यांच्या पुढचं ताट ओढलंत तुम्ही.

हरिश्चंद्र : मला लेखी कुणी कळवलं नव्हतं.

योगिनी : उद्या सरांना आकडे द्यायचेत. फेब्रुवारीत पऱ्या आटतो. वर्ष गेलं माझं.

येसूबाई : रडू नको. चहा घे आधी. अहो, जुना पाला टाकलात कुठं?

हरिश्चंद्र : टाकला? एकतीस वर्षं अलोऱ्याच्या सरकारी स्टोअरात काढली मी. जुना जमा केल्याशिवाय साहेबाला नवा बल्ब दिला नाही. माळ्यावर आहे सगळा.

योगिनी : सगळा एकत्र?

हरिश्चंद्र : काय बोलतेस! पिशवीगणिक वेगळी पुडी. वर नंबर, ऐन की किंजळ, तारीख बारा डिसेंबर, खाली सही. ओला माल जमा होत नाही, म्हणून आधी सावलीत वाळवला.

योगिनी : वाळवून वजनच करायचं होतं मला... आणि नवी पानं? मोजून भरलीत?

हरिश्चंद्र : पिशवीवर दहा ग्रॅम लिहिलेलं. सोनाराकडून तोलून आणली. हसला तो, पण तोलली.

योगिनी : मग सहाव्याऐवजी पाचव्या आठवड्याचे आकडे, एवढंच. आणि हिरवी पानं कशी कुजतात, याचं प्रबंधात एक प्रकरण वाढलं. काका, पुढच्या रविवारपासून दर खेपेला दोन पिशव्या काढून वाळवाल?

हरिश्चंद्र : लेखी दे.

योगिनी : हे घ्या. सहीसकट.

येसूबाई : आता कुठं निघालात? पुढच्या रविवारपासून म्हणाली ना ती?

हरिश्चंद्र : नुसता बघून येतो गो. नीट कुजताहेत ना.