पाखरं गप्प झाली तेव्हा

पाखरांच्या कलकलाटाने तुमची झोपमोड होते ना? मग माझं ऐका. एरंडोलजवळच्या आमच्या घरी मोटारीचा पाइप काढल्यावर भिंतीला भोक राहिलं. त्यात घरटं कुणी करायचं, यावरून चिमण्या आणि साळुंक्या दिवसभर भांडायच्या. एका सकाळी मात्र सगळं चिडीचूप. म्हटलं, मिटलं वाटतं भांडण! कोण जिंकलं ते बघायला खाटेवर चढले आणि भोकात हात घातला.

तेवढ्यात अंगणातून माझे सासरे, आबा, दबक्या आवाजात म्हणाले, "पोरी, हालू नको. बठ्ठा पाखरे तारवर बशेल शेतस, एकबी बोलत नही."

सगळी पाखरं तारेवर बसलेली, आणि माझ्या बोटांखालून काहीतरी गार सरकत गेलं. संपता संपेना.

आता सकाळी कलकलाट ऐकू आल्याशिवाय मी अंथरुणातून पाय खाली टाकत नाही.