राधाआत्याचं चालू खातं

बँकेत कुणी ‘चालू खातं’ म्हटलं की मला अजून राधाआत्या आठवते. गोष्ट संस्थानी काळातली, वडील रंगात आले की सांगायचे. आत्या तिशीतच विधवा झाली, उत्तरेतल्या आमच्या शहरात, जयेंद्रगंज पेठेत, घरीच मसाले कुटून विकू लागली. जम बसल्यावर धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या वडिलांना, घेऊन बँकेत गेली.

कारकून म्हणाला, “बाई साहब, बचत खाता खुलवाइए, ब्याज मिलेगा. चालू खाता तो व्यापारियों का है. माल आया, माल गया, पैसा चलता रहता है.”

“मग तेच उघडा. माझी मिरची संस्थानाबाहेरून येते, मसाला मोरारच्या छावणीपर्यंत जातो.”

वडील कुजबुजले, “ताई, व्याज सोडतेस? तुला आता कशाला एवढा व्याप?”

“विठ्ठल, हे गेल्यापासून सगळे हेच विचारतात. माझं सगळं संपलं असंच धरून चालतात. निदान खातं तरी चालू असू दे.”

वडील ओशाळले. कागद पुढे ओढला, तर कारकुनाने धंद्याच्या रकान्यात ‘विधवा’ लिहिलेलं. वडिलांनी ते खोडलं आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलं, ‘मसाल्याच्या व्यापारी’.