अर्धी गोळी

(सेलूजवळचं एक गाव. पौषातली सकाळ. महादेवराव अंगणात शेकोटीपाशी बसलेले. बायको सुमित्राबाई फुटलेल्या कपाच्या काचा उचलते आहे.)

सुमित्राबाई : चहाचं राहू द्या. कप हातातून सुटला कसा, ते सांगा आधी.

महादेवराव : सुटला म्हणजे सुटला. थंडी कशी पडून राह्यली, दिसत नाई का? बोटं आखडून गेली. आता शेकला हात, झाला मोकळा. हे पाह्य, मूठ वळते का नाई? जा, दुसरा चहा आण. अद्रक जरा जास्त टाकजो.

सुमित्राबाई : थंडीनं दोन्ही हात आखडते. तुमचा उजवाच काऊन आखडला?

महादेवराव : कप उजव्या हातात होता म्हून.

सुमित्राबाई : अन् बोलतानी जीभ काऊन जड झाली? तुमी काय म्हणून राह्यले, मले समजलंच नाई.

महादेवराव : दात वाजत होते अवं. तू बी ना, खालीपिली घोर लावून घेते. धीरज कापसाची गाडी घेऊन पुढं गेला. आता बंडूजी ऑटो घेऊन येईन. कापसाचा काटा, वजन व्हायच्या आत मले मंडीत पोचाच हाय.

सुमित्राबाई : बंडूजीले मी फोन केला. ऑटो सेवाग्रामच्या दवाखान्यात जाईन.

महादेवराव : दवाखान्यात? अन् मी कोणत्या तोंडानं जाऊ? डॉक्टरीणबाईनं गोळी अर्धी केली, म्हणजे बीपीची बिमारी बी अर्धी झाली, असं पुऱ्या सेलूत सांगून आलो मी. चहाच्या टपरीवर लोक इचारते, भाऊ, काय खाता म्हून.

सुमित्राबाई : बिमारी कुठची अर्धी झाली? मे महिन्यात उन्हानं तुमचं बीपी पार खाली गेलतं. बाजेवरून उठले का चक्कर येत होती, म्हून अर्धी केली. अन् निघतानी बाई काय म्हणाली? थंडी लागाच्या आधी दाखवून जाजा. थंडीत नसा आखडते, बीपी चढते, गोळी वाढवा लागन.

महादेवराव : तवा सोयाबीन निघालं होतं. मंग कापूस वेचाले लागला. अन् तब्येत तर मस्त होती माही. तू रोज सकाळी अडकित्त्यानं गोळी कापून देत होती, तुले बी कुठं आठवलं?

सुमित्राबाई : नाई आठवलं. तुमी खुश होते, मले बी बरं वाटत होतं. उन्हाळ्यातलं मीठ-लिंबाचं पाणी सुद्धा चालूच ठेवलं आपण. पण आता मले भेव वाटून राह्यलं.

महादेवराव : भ्याचं काय त्यात? आलं अन् गेलं. हात जसाच्या तसा हाय.

सुमित्राबाई : हिरालालभाऊचा बी असाच झालता. गेल्या हिवाळ्यात दुकानाचं शटर उघडतानी हात लुळा पडला, थोड्या वेळानं चांगला झाला. त्यायनं दिवसभर गिऱ्हाईक पाह्यलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लकवा होऊन पडले.

महादेवराव : त्याची गोष्ट अलग हाय.

सुमित्राबाई : काय अलग हाय? परवा गेलती मी त्यायच्या घरी. भाऊ वयनीकडं पाहते, तोंड उघडते, अन् तिचं नावच येत नाई. पह्यले दुकानातून हाक मारत, तर पुऱ्या गल्लीले आयकू जाये. वयनी म्हणे, एक डाव माहं नाव घ्याव यायनं, मले दुसरं काई नाई पाह्यजे.

महादेवराव : हे तू मले सांगतलं नाई.

सुमित्राबाई : तुमाले काय सांगू? तुमी तर बोलता येत असून माहं नाव कधी घेतलं नाई. आधी "अवं", मंग "धीरजची माय". लग्नात उखाण्यात घेतलं असन, तेवढंच.

महादेवराव : आपल्याकडं कोण घेते बायकोचं नाव? माह्या बापानं नाई घेतलं. लोक हासते.

सुमित्राबाई : हासू द्या. तुमची जीभ साफ हाय का नाई, ते तरी मले कळन.

महादेवराव : आता म्हातारपणी हे काय काढलं तू... ऑटो आला वाटते. कापसाचं कसं?

सुमित्राबाई : धीरज पाहीन. त्याले सांगतलं मी.

महादेवराव : सारंच ठरवून बसली. बरं, माहा मफलर दे. अन् ते गोळ्याचं पाकीट बी घे, बाईले दाखवाले.

सुमित्राबाई : घेतलं. माह्या खांद्याले धरा. उजव्या हातानं.

महादेवराव : धरला. सुमित्रा.

सुमित्राबाई : साफ आलं. रस्ताभर असंच म्हणत राहा.