फोनला आमचं 'हाय' कळंना

कॉलेज सोडलं म्हणून मला शहाणं करायला प्राध्यापक काका शहरातल्या विश्रामबागेतनं गावी आले, तवाची गोष्ट सांगतो. वडिलांनी मोटरला जोडलेल्या नव्या फोनला विचारलं, “शेतातली मोटर चालू हाय का?”

फोनला वाटलं, रामराम घालतायत. म्हणाला, “हाय! मी काय मदत करू?”

काका खो खो हसले. “दादा, शुद्ध बोला की. जग कुठं चाललंय!”

वडिलांचं तोंड एवढंसं झालं. माझं डोकंच फिरलं. “आवं काका, अख्ख्या तालुक्यानं बोलणं बदलायचं, का एका फोननं? आमची बोली कळणारं अ‍ॅप मी काढतो. धंदा हितंच हाय.”

“आधी डिग्री घे. चल कॉलेजला.”

“न्हाई येत. फोनला शिकवलं तर शिकंल तरी. तुमच्यावर कोण वेळ घालवणार?”