तीन नावांचा मासा

शाळेच्या प्रकल्पासाठी मी मासे तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या रांगेत उभी होते. पुढे मासेवाले काका, खिडकीत रिपोर्टवाल्या ताई. मी? नुसते कान!

"काका, तिन्ही तुकड्यांचा डीएनए एकच निघाला. नावं तीन, भाव तीन, मासा एक!"

"यंत्राला काय कळतंय? मी नुसत्या वासावर मासा ओळखतो."

"मग एकाच माशाला तीन वास आले वाटतं?"

"परवाना जाईल हो माझा!"

"साहेबांची सही झाली की जाईलच."

"कोण, ते चष्मेवाले? दर रविवारी माझ्याकडूनच नेतात. तेही सगळ्यात महागाचा. म्हणतात, स्वस्तातल्याला ही चवच नाही!"

"हळू बोला, काका. साहेबांचं दार उघडं आहे."

आतून कोणीतरी खाकरलं.

"बाई, यंत्र बिघडलेलं दिसतंय. तपासणी पुन्हा करा!"