वानराच्या अंगचं बळ

गुणाबाई : ‘गुणे, देवाजवळ एकच माग, पर पुरतं इचारून माग.’ तुझी आजी सांगायची. आज सकाळपासून तेच कानात घुमून राहिलंय.

महानंदा : माय, आधी घोटभर चहा घे. हैदराबादहून आले तर माझ्यासाठीच टाकलास.

गुणाबाई : शनिवारचा उपास हाय, बाय. तू घे. रेल्वेनं पाणी आलं लातूरला, पर आपल्या गल्लीत अजून टँकर न्हाई. भांडं विसळू नको, पुसून ठिव. अन् तुमच्या लॅबातल्या वानराचं सांग.

महानंदा : तेच सांगायला आले. गेलं ते. मंगळवारी.

गुणाबाई : त्याला बसवलेली डुकराची किडनी झ्याक चालली म्हणली होतीस की.

महानंदा : चालली होती. उन्हाळा लागेपर्यंत हात पुढं करून शेंगा मागायचं.

गुणाबाई : मग आजार लागला?

महानंदा : आजार नाही. परकं काही अंगात घातलं की रक्तातल्या पेशी त्याच्यावर तुटून पडतात. म्हणून आम्ही औषधानं त्यांना झोपवतो. पण कायमचं झोपवता येत नाही, तसं केलं तर साध्या सर्दीनंही जीव जाईल. त्या हळूहळू परत वाढायला लागतात. मी रोज रक्त बघून त्याच मोजते. होळीला वाढलेल्या दिसल्या, म्हणून तर तुला फोन केला.

गुणाबाई : ‘त्याचं बळ परत येतंय’ म्हणलीस. मी गल्लीत पेढे वाटले.

महानंदा : आम्हालाही बरं वाटलं होतं. पण सगळ्यांत आधी परतल्या त्या जुन्या पेशी, परक्याला ओळखायची सवय असलेल्या. औषध चालू असतानाच उठल्या. अन् गेल्या आठवड्यात किडनी गेली.

(गुणाबाई हातातली रुईच्या पानांची अर्धी ओवलेली माळ खाली ठेवते.)

गुणाबाई : दर शनिवारी तेल वाहून मी मारुतीला काय म्हणायची, ठाव हाय? ‘देवा, तुझ्याच जातीचं लेकरू हाय. त्याच्या अंगात बळ घाल.’

महानंदा : माय, तुझ्या तेलानं पेशी वाढत नाहीत.

गुणाबाई : वाढल्या की.

महानंदा : मोजत मी होते. कळायचं तर मला कळायला हवं होतं. तुला कसं कळणार?

गुणाबाई : मारुती बळच देतो गं. त्याच्याजवळ दुसरं काय मागावं माणसानं?

महानंदा : असं बोलू नको.

गुणाबाई : तिरडी तरी बांधली का? गावात वानर गेलं की भजन म्हणत नेतात. मारुतीच्या मागंच पुरतात.

महानंदा : तिथं तसं नसतं. चिरून तपासावं लागतं. रोज खायला घालणारे संगप्पामामा तेवढे भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

गुणाबाई : अन् तू?

महानंदा : मी हात धुतले. लई वेळ धुतच बसले.

गुणाबाई : पाणी हाय तिकडं.

महानंदा : हाय.

गुणाबाई : आता तुझ्या भावाचं, श्रीमंतचं कसं? किडनी द्यावी तर मला साखर निघाली, तुझा रक्तगट जुळंना. त्यो त्या वानरावरच डोळे लावून हाय. परवा म्हणतो, ‘माय, डुकराची बसवली तर चुलीपाशी येऊ देशील का?’ म्हणलं, ‘देवघरात बसवीन, तू बरा हो.’

महानंदा : मी त्याला बजावलं होतं, हे माणसांपर्यंत यायला वर्षं लागतील.

गुणाबाई : वर्षं न्हाईत त्याच्याजवळ. पाण्यापायी डायलिसिसच्या मशीनवरचा वेळ बी कापलाय. उदगीर जिल्हा झाला की तिथं मोठा दवाखाना काढणार म्हणतात.

महानंदा : जिल्हा कागदावर होतो, माय. मशीनला पाणी लागतं.

गुणाबाई : हाव.

महानंदा : त्याला एवढ्यात नको सांगू. आम्ही दुसरं वानर घेणार आहोत, एवढंच म्हणू. ते खोटं नाही.

गुणाबाई : खोटं न्हाई. पर अर्धं हाय.

महानंदा : खचेल तो.

गुणाबाई : मागल्या खेपेला सुई टोचताना माझा हात धरून म्हणला, ‘ताई गोड करून बोलती. बरंवाईट झालं तर तूच सांग, माय. दुसऱ्याकडून कळू देऊ नको.’ मी ‘बरं’ म्हणले. जाते दवाखान्यात.

महानंदा : मग थांब, मी येते संगं.

गुणाबाई : तू पड जरा. तुझं तोंड बघितलं की तुझंच समाधान करीत बसंल त्यो.

महानंदा : ऊन चढलंय. पोटात काही नाही तुझ्या. रिक्षा तरी बघते.

गुणाबाई : जवळच हाय. ती चप्पल दे इकडं.

महानंदा : माय, आत्ता तर तो मशीनवर असेल. मशीनवर असताना सांगणार?

गुणाबाई : न्हाई गं. उतरू दे त्याला. तोवर बाहेर बाकड्यावर बसते.