पूजेतला ठोकळा

मंडळी, मायबहिणींनो, महादेवभाऊंसाठी आज सारं गाव मंदिरासमोर बसलं आहे. तुम्ही मॅट्रिक झालेल्या, चार ओळी लिहून आणा, असं सरपंच म्हणाले. लिहिल्या. पण तो कागद बाजूला ठेवते. थांबत थांबत बोलेन, सांभाळून घ्या.

भाऊ आपले ट्रॅक्टरमिस्त्री. आमचा ट्रॅक्टर जुना. इंजिन बंद केलं की त्याची लिफ्ट सुटते, उचललेला नांगर हळूहळू खाली बसतो. भाऊ यायचे. आधी तेल किती आहे ते पाहायचे. मग तेलाचा रंग. दुधासारखं दिसलं की पाणी शिरलं. मग जाळी धुवायची. तरी नांगर बसतच असेल, तर आतलं वायसर गेलं. पण या सगळ्याच्या आधी एक काम. नांगराखाली बाभळीचा ठोकळा. तो नसेल तर हात लावायचे नाहीत. आमच्या यांना म्हणायचे, "उचललेलं खालीच येते गा. कवा येते, थे सांगून नाई येत."

त्याच ठोकळ्याची यंदा आम्ही पूजा केली. खंडेनवमीला पान्यांशेजारी पाटावर मांडला, हळदकुंकू वाहिलं.

दसऱ्याला भाऊ सोनं द्यायला आले. धुतलेला सदरा, खिशात आपट्याची पानं. यांनी नांगर उचलून दाखवला. खाली तेलाचे थेंब.

मी म्हटलं, "आज राहू द्या, सण आहे."

"नुसतं पायतो वहिनी, कुठून गळून राहिलं थे. सदरा मळला तर शांता घरात नाई घेणार मले."

हे म्हणाले, "तो ठोकळा घे गा."

"पूजेतला? उत्तरपूजा व्हायची हाय अजून. देवाचा पाट काहून हलवतं? विटा लावतो."

विटा रचल्या. इंजिन बंद झालं. भाऊ खाली सरकले.

विटा फुटल्या. पुढचं सांगवत नाही. तुम्ही सारे धावला होता.

शांताबाई, तुम्ही समोर बसल्या आहात. मला तुमच्याकडे पाहवत नाही.

मंडळी, मला भीती वाटते. देवापुढे बसते, तरी वाटते. शेजारी इंजिन सुरू झालं की भिजवलेली कणीक तशीच टाकून दाराशी जाते. हरभऱ्याची पेरणी तोंडावर आहे, आणि नांगर अजून वर राहत नाही. काल हे म्हणाले, "उद्या मीच खोलतो. काहून भिऊन राहिली वं? त्याले करताना मी किती खेपा पायलं."

पाहिलं. शेवटचंही यांनीच पाहिलं ना? मग यांना भीती कशी वाटत नाही?

पूजा मोडू नये, असं भाऊंना वाटलं. मी रोज देवापुढे बसणारी बाई आहे. मी सांगते, देव रागावणार नाही. उपास लागला तर मी धरीन. पण ठोकळा उचला.

तो मी आणला आहे. इथे, पायरीवर आहे. कुंकू सकाळी ओल्या फडक्यानं मीच पुसलं.

अहो, तुम्ही मागे खांबाशी उभे आहात. पुढे या. सगळ्यांदेखत हा माझ्या हातून घ्या. हा लावल्याशिवाय खाली जाणार नाही, एवढं म्हणा. मला नका सांगू. शांताबाईंना सांगा.

यांनी सांगितलं, की आपण सारे उठू. महादेवभाऊंसाठी थोडा वेळ कोणी काही बोलणार नाही.